देठ खुडायचे दिवस

परवा सकाळी फाटकाशी टांगा थांबला, मिरच्यांचं पोतं उतरलं, आणि आता आठ-दहा दिवस आपलं डोकं ठिकाणावर राहायचं नाही हे मी ओळखलं. हुबळीच्या बाजारातली ब्याडगी मिरची. रंगाला काळपट लाल, अंगभर सुरकुत्या, आणि वास असा की गल्लीच्या टोकाला उभ्या माणसानं शिंकावं. लोकांना ह्या दिवसांचं भारी कौतुक. आंब्याला मोहोर आला, करंजाला पालवी फुटली, आपल्या धारवाडच्या मळमड्डीसारखी हवा जगात कुठे नाही, असं एकमेकांना सांगत पेन्शनर मंडळी संध्याकाळी काठ्या टेकत फिरतात. मला हा मोसम आवडत नाही. स्पष्टच सांगायचं तर मी त्याच्याशी वैर धरून आहे, आणि ते सोडायचा माझा विचार नाही.

यंदा त्या वैराला नवं निमित्त मिळालं आहे. माझ्या भावाची मुलगी शरू, वय चौदा, महिनाभर आमच्याकडे आहे. दादा हुबळीला रेल्वेत असतो. पोरगी जेवत नाही, बोलत नाही, शाळेत जायचं म्हटलं की पोटात दुखतं म्हणते, म्हणून हवापालटासाठी त्यानं तिला धारवाडला आणून सोडलं. ती दिवसभर मागच्या पडवीच्या खांबाला टेकून बसते. पुढ्यातून मांजर गेलं तरी तिला दिसत नाही. डोळे उघडे असतात, पण बघत असतात आत. मला ते डोळे ओळखीचे आहेत. सोळाव्या वर्षी तेच माझ्या तोंडावर होते. आणि काल माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तिच्यासाठी बाजारातून एक जाड वही आणली. ती पाहिली तेव्हा हातातला तांब्या मी ओट्यावर ठेवला नाही, आपटला.

माझं ते वर्ष मॅट्रिकचं. दिवाळी संपली, आकाशकंदील उतरवून माळ्यावर टाकला, आणि त्याच्याबरोबर माझ्यातलंही काहीतरी कुणीतरी उतरवून ठेवलं. कारण काही नव्हतं. हेच घरात कुणाला सहन झालं नाही. ताप असता तर काढा दिला असता, कुणावर जीव जडला असता तर दोन थोबाडीत दिल्या असत्या. मी नुसती बसून असायची आणि विचार करायची, आणि तो विचार एकाच माणसाचा, माझा. वर्गातली एक मुलगी हसली, ती माझ्या चालण्याला हसली असणार. मग मी माझ्या चालण्याचा विचार करायची. जिना उतरताना आपला कुठला पाय आधी पडतो ह्याचा एकदा विचार करून बघा, माणूस धडपडतोच. मी धडपडायची, आणि मग धडपडण्याचा विचार करायची. पडलेल्या दाताच्या जागी जीभ सारखी जावी तसं मन तिथेच जायचं. तिथे काही मिळत नाही हे जिभेलाही ठाऊक असतं.

आई अंगारा लावायची, दृष्ट काढायची, आणि काही न बोलता माझ्या केसांना तेल लावत बसायची. त्या सगळ्या गोतावळ्यात कमीत कमी त्रास तिनंच दिला. बाकीच्यांनी मात्र कसर ठेवली नाही. एका मामींनी सांगितलं, लग्न करून टाका, संसाराला लागली की सुचायचं नाही. दुसऱ्या एकीनं निदान केलं की चोवीस तास स्वतःचाच विचार करणारी मुलगी स्वार्थी असते. आधीच मन मेलेलं, त्यावर हा शिक्का. मी तोही मुकाट्यानं घेतला आणि पुढचे चार दिवस आपण किती स्वार्थी आहोत ह्याचा विचार करण्यात घालवले.

अण्णा हायस्कूलात भाषा शिकवायचे. निबंध तपासावेत तर त्यांनीच, अशी त्यांची गावात ख्याती होती. पोरं त्यांच्या तांबड्या शाईला देवीच्या कुंकवासारखी भ्यायची. शिवाय दर रविवारी संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत चार-सहा सद्गृहस्थ जमायचे आणि चारित्र्य, आत्मशुद्धी, मनोनिग्रह अशा विषयांवर बोलायचे. मनाचं दुखणं म्हणजे दोऱ्याची गाठ, नीट निरखून पाहिलं की ती सुटते, असं अण्णांचं मत होतं. ते वाईट माणूस नव्हते. वाईट माणसानं हे केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मला समोर बसवलं, निळ्या कापडी बांधणीची एक वही दिली आणि सांगितलं की रोज दिवेलागणीला हिच्यात लिहायचं: आज मन कसं होतं, तसं का होतं, आणि त्यात आपलं काय चुकलं. सकाळी चहाबरोबर ते ती वाचणार होते.

पहिल्या दिवशी मी लिहिलं, आज मन वाईट होतं, का ते माहीत नाही. सकाळी समासात तांबड्या शाईत शेरा होता: "कारणे दे." दुसऱ्या दिवशी दोन कारणं दिली. शेरा आला: "सविस्तर." आता मी हुशार मुलगी होते. शेरा आला की सुधारणा करायची, ही सवय हाडात मुरलेली. मी कारणं शोधायला लागले. आणि एकदा शोधायला बसलं की ती सापडतात हो. मी कुरूप आहे. मला मैत्रिणीचा हेवा वाटतो. आईला माझ्यामुळे उसंत नाही. मी देवापुढे हात जोडते तेव्हा मनात दुसरंच असतं. दिवेलागण मला नकोशी व्हायला लागली, कारण आता अर्धा तास कंदिलासमोर बसून स्वतःला उकरायचं होतं. दिवसभर जे धुकं होतं त्याला संध्याकाळी शब्द मिळायचे, आणि शब्द मिळाले की ते सकाळी निवत नसत. दुसऱ्या दिवशी तेच शब्द घेऊन मी उठायची.

पौषात कधीतरी मी लिहिलं की मी ह्या घरातून नाहीशी झाले तर एका माणसाची जागा मोकळी होईल, माझा उपयोग झालाच तर तेवढाच. आजूबाजूला आणखी दीड पान होतं. सकाळी वही उघडली. खाली शेरा होता: "उत्तम. भाषा ओघवती."

त्या रविवारी मी पोह्यांच्या बशा घेऊन पुढच्या खोलीत गेले तेव्हा अण्णा ते पान मंडळींना वाचून दाखवत होते. माझं नाव त्यांनी घेतलं नव्हतं, पण घरात सोळा वर्षांची दुसरी होती कोण? प्रामाणिक आत्मपरीक्षणाचा नमुना म्हणून ते वाचत होते. बशा हातात घेऊन मी दारात उभी राहिले, पान संपेपर्यंत. एका गृहस्थांनी मान डोलावून म्हटलं की मुलीला शैली आहे. मग सगळ्यांनी पोहे खाल्ले. त्या बैठकीतले तिघं आता हयात नाहीत. त्यांनासुद्धा मी अजून क्षमा केलेली नाही.

अशा वेळी त्या वर्षीच्या मिरच्या आल्या. आमच्या मागच्या बिऱ्हाडात गंगक्का राहायची, अजूनही राहते. आम्ही तिला कन्नडात अक्का म्हणायचं आणि ती आमच्याशी तिच्या मराठीत बोलणार, असा व्यवहार. दहा घरांचं तिखट ती करून द्यायची. पोतंच्या पोतं परसात पसरायचं, वाळवायचं, देठं खुडायची आणि मग मुसळानं कांडायचं. हात कमी पडत होते. मी पडवीच्या ह्याच खांबाला टेकून बसले होते. तिनं मला पाहिलं आणि ओरडली, "ए हुडगी, सुम्ने नुस्ती काय बसलीयास? बा इल्ली, इकडं ये. देठं खुड."

पुढे लोकांनी मला सांगितलं की गंगक्काच्या मायेनं मी सावरले. कसली माया आणि कसलं काय. तिला फुकटचे दोन हात हवे होते. माझी परीक्षा आहे की मी आजारी आहे, तिनं कधी विचारलं नाही. देठाबरोबर मिरचीचं तोंड फाटलं आणि बिया सांडल्या की ती माझ्या हातावर चापट मारायची. हाताला तेल लावायचं, मिरची डाव्या हातात सैल धरायची, देठ चिमटीत घेऊन किंचित पिरगळायचा, म्हणजे टोपीसकट सुटतो. जोर केला की बिघडलं. पहिल्या दिवशी मी दोनशे तरी मिरच्या फाडल्या असतील. बोटं भगभगत होती, नाकाडोळ्यांतून धार लागली होती. आणि त्या धारेबरोबर मी खरंच रडायला लागले, तीन महिन्यांचं साठलेलं, हुंदके देऊन. शेजारी चार बायका बसल्या होत्या. कुणी मान वर केली नाही. गंगक्का म्हणाली, "रड की. हितं सगळीच रडायल्यात."

मिरच्यांच्या ढिगाशी कुणी कुणाला का रडतेस म्हणून विचारत नाही. तशी रीतच नाही. कारण समोर पसरलेलं असतं. तीन महिने मला जो तो कारण विचारत होता, आणि इथे कारणाचा प्रश्नच मिटला होता. मी दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. दुपारभर माझ्या डोक्यात देठ, चिमूट आणि बिया ह्यांखेरीज काही नसायचं. मला बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. फक्त काही वेळ मी माझ्या तावडीतून सुटायची.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला वही उघडली आणि लिहायला काही सुचेना. मी पान कोरं ठेवलं. सकाळी अण्णांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, "काल मी नव्हतेच, अण्णा. मिरच्या होत्या." मला वाटलं त्यांना आनंद होईल. ते गंभीर झाले. म्हणाले की हे लिहून दे. मी उभ्या उभ्या लिहिलं, काल दुपारभर मी गंगक्काकडे मिरच्यांची देठं खुडली, तेवढा वेळ मनात काही नव्हतं. त्यांनी तिथेच टाक उचलला आणि समासात लिहिलं: "विषयांतर."

माझ्या आयुष्यातली पहिली शहाणपणाची गोष्ट मला त्या क्षणी सुचली, आणि ती लबाडीची होती. ह्यांना काय हवं आहे ते लिहावं आणि परसात जावं. त्या दिवसापासून मी पेपर सोडवावा तशी वही लिहिली. आज माझ्या हेव्याचं मूळ मला सापडलं, ते मी उपटून टाकलं, मन प्रसन्न आहे. आज आळसावर विजय मिळवला. आज पहाटेच्या प्रार्थनेत मन रमलं. पहाटे मी घोरत असायची. हाताची मिरची धुवायच्या आत दहा ओळी खरडायच्या आणि कंदील आईकडे द्यायचा. अण्णा खूश. उत्तम, उत्तम, अत्युत्तम. मिरच्या संपल्या, चिंच आली. चिंचा फोडून चिंचोके काढून झाले, सांडगे आले. पापड आले. वैशाखात वही भरली. त्या वर्षी मी परीक्षेला बसले नाही, पुढच्या वर्षी बसले, पास झाले, शिकले, आता इथेच मुलींच्या शाळेत शिकवते. माझ्या मनावरचं ते ओझं केव्हा उतरलं ते मला सांगता येत नाही. कशानं उतरलं तेही नाही. मिरच्यांनी उतरलं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण वहीनं उतरलं नाही, हे मात्र सांगेन.

सांगेन म्हणते, पण सांगितलं कुठे? पंधरा वर्षं मी तोंडातून शब्द काढला नाही. अण्णांनी ती वही रेशमी फडक्यात बांधून पोथ्यांच्या पेटीत ठेवली. कुणाचा मुलगा हट्टी निघाला, कुणाची मुलगी हिरमुसली, की अण्णा सल्ला द्यायचे, आमच्या इंदूचं बघा, वहीनं सुधारली. मी आतल्या खोलीत ऐकत असायची. आई गेल्यावर त्यांच्याजवळ अभिमानाचं एवढंच उरलं होतं, असं मी स्वतःला समजावत असे. खरं कारण एवढं उदात्त नव्हतं. खोटं बोलून मी सुटका करून घेतली होती, आणि ते कबूल करायची मला लाज वाटत होती. ह्या गल्लीत आणखी किती पोरांना त्या वहीपायी कंदिलासमोर बसावं लागलं, ते मी कधी विचारलं नाही. पण शरू माझ्या डोळ्यांपुढे बसली होती.

आज दुपारी शाळेतून आले तर ती खांबाला टेकून बसलेली, मांडीवर नवी कोरी वही, आणि त्या वहीवर उघडलेली माझी निळी. रेशमी फडकं बाजूला पडलं होतं. वाचून वाचून ती पौषापर्यंत आली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी तिच्या हातातून वही काढून घेतली. परसात गंगक्का मिरच्या पसरून बसली होती. मी शरूला म्हटलं, चल, देठं खुडायला बस. तिनं मान हलवली आणि म्हणाली, मला नको. मी हात धरून ओढणारच होते. मग लक्षात आलं की मीही समासात शेरा मारायला निघाले आहे. नको तर नको. हात सोडला आणि वही घेऊन अण्णांसमोर गेले.

ते पडवीच्या दुसऱ्या टोकाला आरामखुर्चीत बसले होते. आता सत्तरी ओलांडली आहे, पण तांबड्या शाईची दौत अजून जवळ असते. मी म्हटलं की शरूला ही वही द्यायची नाही, जुनीही नाही आणि नवीही नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, का? तुला तर हिनंच गुण आला. शेवटची पानं बघ. तिनं तिथपर्यंत वाचावं म्हणून तर दिली.

"ती पानं खोटी आहेत," मी म्हटलं.

त्यांना ऐकू आलं नसावं असं वाटून मी पुन्हा सांगितलं. मग एखाद्या पोराला पाठाची सुरुवात विचारावी तशा आवाजात त्यांनी विचारलं, "कुठून?"

मी पान काढून दिलं. विषयांतर लिहिलेल्या पानाच्या पुढचं. कोपऱ्यावर अंगठ्याएवढा तांबूस डाग होता, तिथून पुढे जवळजवळ प्रत्येक पानावर तसा एकेक. अण्णा म्हणाले, हे माझ्या शाईचे डाग आहेत. मी म्हटलं, मिरचीचे आहेत, हात न धुता लिहायची मी. त्यांनी डागावरून बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं. पंधरा वर्षांनी कसला वास यायचा. मग ते एकेक पान उलटत गेले. प्रत्येक पानाखाली त्यांचा शेरा होता. उत्तम. उत्तम. अत्युत्तम. माझ्या मनात दया आली नाही. खोटं कशाला बोलू? मला वाटत होतं, वाचा, सगळे वाचा.

शेवटचं पान झालं तेव्हा ते उलटे मागे आले, डागांच्या मागे, विषयांतराच्या मागे. पौषाच्या पानावर थांबले. वर न बघता त्यांनी विचारलं, "मग ह्या आधीची?"

"ती खरी होती, अण्णा."

त्यांनी वही मिटली नाही. मांडीवर तशीच उघडी राहू दिली. मी तिथून निघाले आणि गंगक्काजवळ जाऊन सूप पुढे ओढलं. तिनं तेलाची वाटी सरकवली. दहा-पंधरा मिरच्या झाल्या असतील. पडवीवरून शरूचा आवाज आला. महिन्याभरात तिनं आपण होऊन उच्चारलेलं ते पहिलं वाक्य असावं.

"आत्या, आजोबांना मिरची लागली वाटतं."

मी वर पाहिलं. शरू खांबापासून जरा पुढे सरकून अण्णांच्या डोळ्यांकडे टक लावून बघत होती. वारा घराकडून परसाकडे वाहत होता. करंजाची पानं कुंपणाकडे झुकली होती, आणि मिरच्यांचा सगळा झोंबरा वास पलीकडे शेजाऱ्यांच्या अंगणात जात होता.

"हो," मी म्हटलं, "लागली." आणि पुढची मिरची हातात घेतली.